जपानी ग्रीन टीची साईट खरी की खोटी, ओळखायचं कसं?

आळसोबा

मंडळी मदत हवीय. दोन दिवस झाले दोन टॅब उघडे ठेवून बसलोय आणि बटण काही दाबवत नाहीये.

झालं असं की एका मित्राने जपानहून येताना सेंचाचं, म्हणजे तिथल्या रोजच्या ग्रीन टीचं, पाकीट आणलं होतं, ते त्याने पाजलं. आत्तापर्यंत मी ज्याला ग्रीन टी म्हणत होतो ते नुसतं गवताचं पाणी होतं हे तेव्हा कळलं. हा चहा ढगाळ हिरवा, दाट, कोवळ्या मटारासारखा गोडसर आणि शेवटी जिभेवर जरासा तुरट. कुठून घेतलास विचारलं तर म्हणे विमानतळावर उरलेली नाणी संपवायला घेतला होता आणि पाकीट फेकून दिलं. धन्य!

तर आता ऑनलाईन शोधतोय. पहिली साईट एकदम चकाचक, फुजी पर्वताचा फोटो, किमोनोतली बाई, वर "१००% ऑथेंटिक जॅपनीज, सेरेमोनिअल ग्रेड" असं मोठ्या अक्षरात, ६०% सूट आणि खाली टायमर चालू की ऑफर दोन तासात संपणार. दुसऱ्या दिवशी उघडली तरी दोन तासच. रिव्ह्यू सगळे पाच स्टार.

दुसरी साईट म्हणजे कोणाच्या तरी भाच्याने फार पूर्वी बनवून दिल्यासारखी. इंग्रजी मोडकं, फोटो मोबाईलवर काढलेले, एका फोटोत तर मागे छत्री दिसतेय. चहाच्या नावाखाली नुसतं लिहिलंय "कागोशिमा, चिरान, साएमिदोरी, फुकामुशी, इचिबानचा २०२५". बाकी काही वर्णन नाही. भाव मात्र पहिलीच्या सुटीच्या भावापेक्षा बराच जास्त.

मला यातलं ओ का ठो कळत नाही. विश्वास ठेवायचा तर कशावर ठेवायचा? साईटची नावं मुद्दाम देत नाहीये, उगाच भांडण नको.

कोमटपाणी

पहिला टॅब आधी बंद करा. रोज नव्याने दोन तास सुरू होणारा टायमर जिथे आहे तिथून चहाच काय, मीठसुद्धा घेऊ नये.

आता दुसरी. तुम्ही म्हणताय नुसती नावं लिहिलीत, वर्णन नाही. अहो ती नावंच वर्णन आहेत. सोडवून सांगते.

चिरान हा जपानच्या कागोशिमा प्रांतातला चहाचा भाग. साएमिदोरी ही झुडपाची जात, याबुकिता आणि आसात्सुयु या दोन जातींचा संकर, रंग हिरवागार आणि तुरटपणा कमी. फुकामुशी म्हणजे जास्त वाफवलेला. जपानी ग्रीन टी तोडल्या तोडल्या वाफवतात, म्हणजे पान काळं पडायची क्रिया तिथेच थांबते, साध्या सेंचाला अर्धा मिनिट वगैरे वाफ देतात आणि फुकामुशीला एक मिनिट, दोन मिनिटंसुद्धा. मग पान इतकं मऊ पडतं की वळताना तुटतं, बारीक चुरा होतो आणि तोच कपात उतरून पाणी ढगाळ दिसतं. तुमच्या मित्राचा चहा ढगाळ होता ना? बहुतेक फुकामुशीच असणार. आणि इचिबानचा म्हणजे वर्षातली पहिली तोडणी. हिवाळाभर झुडूप झोपलेलं असतं, साठवलेलं सगळं त्या पहिल्या कोवळ्या पानांत येतं, त्यात थिआनिन जास्त म्हणून चव गोडसर. जून जुलैमधली दुसरी तोडणी निबानचा, ती उन्हात वाढलेली, कॅटेचिन जास्त, म्हणून जास्त तुरट आणि स्वस्त.

म्हणजे त्या छत्रीवाल्या फोटोच्या माणसाने पाच शब्दांत तुम्हाला जागा, झुडूप, वाफ, तोडणी आणि वर्ष सांगितलं. यातली एकेक गोष्ट तपासता येते आणि खोटी निघाली तर त्याला पकडता येतं. "ऑथेंटिक" खोटं आहे हे कसं पकडणार सांगा. माझा सगळा हिशोब इथेच सुरू होतो, विकणारा जे लिहितोय त्यात तो कुठे अडकू शकतो का ते बघायचं. अडकण्यासारखं काहीच लिहिलं नसेल तर सोडून द्यायचं.

आणि हो, "सेरेमोनिअल ग्रेड" अशी कुठलीही सरकारी प्रत जपानमध्ये नाही. बाहेरच्या बाजारासाठी काढलेला शब्द आहे तो. चांगले विक्रेतेही नाइलाजाने वापरतात कारण गिऱ्हाईक तेच शोधतं, त्यामुळे नुसता हा शब्द दिसला म्हणून पळू नका, पण त्याच्यापलीकडे काहीच लिहिलं नसेल तर पळा. त्यातून तुमची साईट तो शब्द सेंचाला लावतेय? तो माचाला, म्हणजे पाण्यात फेटून प्यायच्या चहाच्या पावडरीला लावतात हो! विकणाऱ्याला आपण काय विकतोय हेच माहीत नाही.

चहाटळ

माचाचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती ऐका.

मागच्या वर्षी मी असाच एका बाजारपेठवाल्या मोठ्या साईटवरच्या कुठल्याशा दुकानातून माचा मागवला, डबा सुंदर, वर जपानी अक्षरं, लाल गोल शिक्का, मी खूश. झाकण उघडलं तर आत हिरव्यापेक्षा पिवळटच, वाळलेल्या शेवाळाचा रंग म्हणा ना. बोटात चिमूट धरून चोळली तर कणकण लागली, रवा चोळल्यासारखी. चांगला माचा चोळला तर आयशॅडोसारखा बोटाच्या रेषांत जाऊन बसतो. वास घेतला तर जुन्या वहीचा. तरी आशा सुटत नाही ना, फेटून बघितला, फेस आला तो अर्ध्या मिनिटात विरला आणि तळाशी गाळ. मग चष्मा लावून डब्याच्या मागचं बारीक वाचलं तर "जॅपनीज स्टाईल ग्रीन टी पावडर". स्टाईल! म्हणजे जपानचा नाही आणि माचाही नाही, आणि त्यांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं, मीच वाचलं नव्हतं.

रिफंड मागितला तर म्हणाले पाकीट फोडलंय. न फोडता मी रंग बघणार कसा, हे विचारलं त्याला उत्तर नाही आलं.

नंतर वाचून वाचून कळलं की माचा तेंचापासून करतात. तेंचा म्हणजे तोडणीआधी काही आठवडे झाकून ठेवलेल्या झुडपांची पानं, वाफवून न वळता सुकवलेली, देठ शिरा काढून टाकलेली. मग ती जात्यावर दळायची, आणि दगडी जातं तासाला ३०-४० ग्रॅमच दळतं, म्हणजे एक छोटा डबा भरायला एक तास. हे एवढं सगळं करून कोणी तुम्हाला अर्धा किलोची पिशवी फुकटच्या भावात कशी देईल? साधा सेंचा कुटून केलेली पावडर पण मिळते, तिला जपानीत फुनमात्सुचा म्हणतात, पिण्यात काही वाईट नाही, पण तो माचा नव्हे.

गाळणी

कोमटपाणी ताईंचं पटतं पण पूर्ण नाही. ही नावं कॉपी पेस्ट करायला काय लागतं? मी तीन वेगवेगळ्या साईटवर शब्द न शब्द सारखं वर्णन बघितलंय, तोच शेतकरी, तोच डोंगर, तीच धुक्याची गोष्ट, आणि चौथ्या ठिकाणी मूळ सापडलं, म्हणजे ज्याने खरंच लिहिलं होतं तो. म्हणून वर्णनातलं एक लांब वाक्य उचलून सर्चमध्ये टाकायचं, फोटो असेल तर फोटोही. दोन मिनिटांचं काम आहे.

मी माल बघायच्या आधी माणूस बघतो. जपानमध्ये ऑनलाईन विकणाऱ्याला कायद्याने स्वतःची माहिती द्यावी लागते, नाव, पत्ता, फोन, परतीचे नियम, पाठवणीचा खर्च. जपानी साईटच्या अगदी तळाशी त्याचं वेगळं पान असतं, त्या कायद्याला थोडक्यात तोकुशोहो म्हणतात. ते पान भाषांतर करून वाचा. पत्ता नकाशावर टाका. चहाची फॅक्टरी दिसली, दुकान दिसलं, शेताच्या मधोमध एक घर दिसलं, सगळं चालेल. नुसता भाड्याचा टपाल पत्ता दिसला तर मी दोनदा विचार करतो.

शिवाय तिथल्या प्रत्येक कंपनीला १३ आकडी कॉर्पोरेट नंबर असतो आणि राष्ट्रीय कर खात्याच्या साईटवर कंपनीचं नाव टाकून तो फुकट शोधता येतो, नोंदलेला पत्ताही दिसतो. फक्त एक, एकटा शेतकरी स्वतःच्या नावावर विकत असेल तर त्याला हा नंबर नसतो, त्यामुळे नंबर नाही म्हणजे चोर असं नाही.

जपानबाहेरचे विक्रेते असतील तर हे काही लागू नाही. तिथे मी एकच बघतो, माल कोणाकडून घेतला ते सांगतात का. बागेचं किंवा फॅक्टरीचं नाव सांगणारे मध्यस्थ मी बरे मानतो, कित्येकदा शेतकऱ्याच्या स्वतःच्या साईटपेक्षा यांच्याकडे माल ताजा मिळतो कारण यांचा खप जास्त.

आळसोबा

बापरे, एवढं? मला वाटलं होतं तुम्ही "ही घे" किंवा "ती घे" म्हणाल.

पहिली साईट बंद केली. पण आता दुसरीबद्दल शंका. तिथे २०२५ ची तोडणी म्हणजे मे महिना ना? आत्ता ऑक्टोबर चाललाय. म्हणजे पाच महिने जुना चहा झाला की. ताजाच चांगला असतो असं सगळीकडे वाचलंय. दुसरं, त्याच्याकडे एक उजीचा ग्योकुरो नावाचा चहा पण आहे, उजी म्हणजे सगळ्यात भारी असं ऐकलंय, तर तोच घेऊ का? आणि भाव बरोबर आहे का हे कसं कळणार, मला तर येनमधलं काहीच जोखता येत नाही.

चहामळा

मी जपानात, शिझुओकात राहतो, नोकरीला जातायेता दोन्ही बाजूंना चहाच आहे, म्हणून मध्ये तोंड घालतो.

पाच महिन्यांचं टेन्शन घेऊ नका. इथली पहिली तोडणी एप्रिल अखेर ते मे मध्यापर्यंत, रिश्शुन म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीचा जपानी वसंतारंभ, तिथपासून ८८वी रात्र मोजतात ती १-२ मेला येते आणि त्याच्या आसपास सगळीकडे शिन्चाच्या, म्हणजे नव्या चहाच्या पाट्या लागतात. दक्षिणेला कागोशिमात त्याच्याही आधी. एवढाच हंगाम. मग वर्षभर जो पहिल्या तोडणीचा चहा विकला जातो तो याच महिन्याभरातला. अर्धवट प्रक्रिया केलेलं पान, आराचा म्हणतात त्याला, ते थंड गोदामात ठेवतात आणि लागेल तसं चाळून, भाजून पाकिटात भरतात. म्हणून तोडणीच्या तारखेइतकीच, माझ्या मते जास्तच, महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाकीट भरलं कधी. आत नायट्रोजन भरून सील केलेलं पाकीट असेल तर काही महिने सहज निघतात, उघड्या डब्यातला चहा मात्र महिनाभरात मान टाकतो. उलट फेब्रुवारीत कोणी "आत्ताच तोडलेला शिन्चा" विकत असेल तर समजा काय ते, तेव्हा झुडपं झोपलेली असतात.

आणि ताजा तोच चांगला हेही सरसकट खरं नाही. ग्योकुरो आणि माचा मुरल्यावर गोड होतात, जुन्या पद्धतीत तर तेंचा मेमध्ये मडक्यात सील करून नोव्हेंबरात मडकं फोडायचे. शरद ऋतूत "कुरादाशी" असं लिहिलेला चहा दिसतो, तो मुद्दाम उन्हाळाभर ठेवून आता बाहेर काढलेला. शिळा नाही तो.

उजीचं सांगतो, आमच्याकडच्यांना जरा झोंबतं म्हणून सांगताना मजा येते. उजी हे क्योतोजवळचं गाव, पण उजीचा असं लिहिलं म्हणजे पान उजी गावातलं असं नाही. क्योतोच्या चहा व्यापाऱ्यांच्या संघटनेने २००४ मध्ये व्याख्या ठरवली, त्यात क्योतो, नारा, शिगा आणि मिए या चार प्रांतांतलं पान चालतं, फक्त शेवटची प्रक्रिया क्योतोतल्या व्यापाऱ्याने क्योतोत केलेली हवी. यात फसवणूक नाही, तसं बघितलं तर तिथल्या व्यापाऱ्यांची मिसळण्याची कला हीच त्यांची कमाई आहे. पण विक्रेत्याला विचारा की पान कुठलं. वाझुका, उजितावारा असं गावाचं नाव आलं तर तो ओळखून विकतोय.

आणि ग्योकुरो पहिल्याच फटक्यात घेऊ नका. २० दिवसांच्या आसपास झाकलेलं पान, ५०-६० डिग्रीच्या कोमट पाण्यात, दोन घोट निघतील एवढंच पाणी. सवय नसेल तर समुद्री शेवाळाचं सूप प्यायल्यासारखं वाटेल आणि पैसे गेले म्हणाल.

भाव. इथे दुकानात सेंचाचा भाव १०० ग्रॅमवर चालतो. १००० येनच्या आसपास रोजचा चांगला, ५०० च्या खाली बहुधा दुसऱ्या तिसऱ्या तोडणीचा, २००० च्या वर गेलात की पाहुण्यांना काढायचा. हा ढोबळ हिशोब धरा आणि ऑनलाईन त्याच्या वर पाठवणी आणि तुमच्याकडची ड्युटी. "हाताने तोडलेला" लिहून कोणी ६०० येनला देत असेल तर हसून पुढे जा, इथे बहुतेक सगळी तोडणी मशीनने होते, दोन माणसं ओळीच्या दोन बाजूंनी मशीन धरून चालतात किंवा सरळ ट्रॅक्टरसारखं धूड ओळीवरून जातं. हाताने तोडायला बाया मिळत नाहीत आता, मिळाल्या तर त्या चहाचा भाव त्यांच्या मजुरीवरूनच कळतो.

जाता जाता, आराचाच्या उत्पादनात २०२४ ला कागोशिमाने आम्हाला मागे टाकलं. शिझुओकाचा पहिला नंबर गेला, इथल्या पेपरात सुतकच होतं. तेव्हा कागोशिमाचा घेतलात तरी मी काही म्हणणार नाही, मनातल्या मनात म्हणेन.

चहाटळ

@चहामळा माचाबद्दल पण सांगा ना, मला परत घ्यायचाय, पण जिथे बघावं तिथे संपलाय. आणि जिथे आहे तिथे संशय येतो!

चहामळा

संशय बरोबरच आहे. २०२४ च्या शरद ऋतूत माचाची ओढाताण सुरू झाली, इप्पोदो, मारुक्यू कोयामाएन अशा चहाच्या जुन्या घराण्यांनीसुद्धा एका गिऱ्हाईकाला किती डबे यावर बंधन घातलं. २०२५ ला तेंचाचे लिलावातले भाव आणखी चढले. सेंचा करणारे शेतकरी तेंचाकडे वळतायत पण त्याला वेगळी भट्टी लागते, झुडपं झाकायच्या जाळ्या लागतात, नवीन झुडूप लावलं तर पाच वर्षं थांबा. त्यामुळे मूळ दुकानात माल नाही आणि कुठल्याशा अनोळखी साईटवर तोच डबा हवा तेवढा, तेही सूट देऊन, हे गणित जुळत नाही. एकतर कोणीतरी उचलून दुप्पट भावाने विकतोय, मग तो किती महिने कुठल्या कपाटात होता देव जाणे, नाहीतर नकली.

घराण्याचा डबा हवा असेल तर त्या घराण्याच्या साईटवर बहुधा बाहेरदेशीच्या अधिकृत विक्रेत्यांची यादी असते किंवा त्यांना विचारता येतं. तिथून उलटं या.

कोमटपाणी

गाळणी, तुमचा कॉपी पेस्टचा मुद्दा मान्य. म्हणूनच मी आणखी एक करते, मेल टाकते. साधा प्रश्न विचारायचा, दोनच ओळी. हे पाकीट कोणत्या महिन्यात भरलंय, आणि मला दाट आणि कमी तुरट आवडतो तर तुमच्याकडचा कोणता घेऊ. उत्तर किती लवकर येतं ते बघू नका, काय येतं ते बघा. चहावाला चहाबद्दल बोलतो. नुसता विकणारा ऑफरबद्दल बोलतो.

आणि त्या पाच स्टारांचं, मी तीन आणि चार स्टारवाले आधी वाचते. "चव छान पण माझ्या किटलीत चुरा अडकला", "गेल्या वर्षीपेक्षा यंदा जरा कमी गोड" असं लिहिणारा माणूस तो चहा खरंच प्यायलेला असतो. "लव्हली पॅकेजिंग, फास्ट डिलिव्हरी" म्हणणाऱ्याने अजून पाकीट फोडलेलं नसतं.

ऑरगॅनिकची कोणाला हौस असेल तर जास, म्हणजे जपानच्या सरकारी मानकाचा, पानाच्या आकाराचा शिक्का बघा, त्याच्याखाली प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव असतं. नुसतं "नॅचरल", "प्युअर" हे विशेषण झालं, प्रमाणपत्र नाही. तरी प्रामाणिकपणे सांगते, मला आवडलेले बरेचसे चहा ऑरगॅनिक नव्हते. गोडसर चवीसाठी झुडपाला नत्र भरपूर लागतं, नुसत्या सेंद्रिय खतावर ती चव आणणं फार कष्टाचं काम आहे, जमलं तर सोनं, नाहीतर पातळ पाणी.

गाळणी

मेलचा उपाय चांगलाय. पण लहान शेतकऱ्याला इंग्रजी येत नाही, उत्तर आलं नाही म्हणून त्याला बाद करू नका. मशीन भाषांतराने जपानीत पाठवा, छोटी वाक्यं लिहा, म्हणी बिणी घालू नका. आणि मे महिन्यात पाठवू नका! तेव्हा ते झोपत पण नाहीत.

आळसोबा

अपडेट देतो, कारण धागा अर्धवट सोडून पळणारे मला आवडत नाहीत.

दोन्हीकडे मेल टाकला. हो, पहिलीकडेही, म्हटलं गंमत बघू. चार मिनिटांत उत्तर, "आमचा चहा वर्षभर रोज ताजा तोडला जातो" आणि खाली जादा १० टक्क्यांचं कूपन. चहामळा साहेबांची झोपलेली झुडपं आठवली आणि एकटाच हसलो.

दुसरीकडून तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं, लांबलचक, भाषांतर यंत्रातून काढलेलं, पण अर्थ लागतो. म्हणे तुम्ही बघताय तो साएमिदोरी सप्टेंबरमध्ये भरलाय, बेस्ट बिफोर पुढच्या मार्चचा. पण तुम्हाला दाट आवडत असेल आणि पहिल्यांदाच घेत असाल तर हा नको, आमच्याकडे युताकामिदोरी या जातीचा फुकामुशी आहे तो घ्या, ३०० येनने स्वस्त आहे आणि जरा जास्त भाजलेला असल्याने पाणी थोडं गरम झालं तरी बिघडत नाही. आणि शेवटी विचारलंय, तुमच्याकडे बारीक जाळीची किटली आहे का?

मला महाग सोडून स्वस्त घे सांगणारा दुकानदार आयुष्यात पहिल्यांदा भेटला. ५० ग्रॅम मागवला. तळाच्या पानावरचा पत्ता पण बघितला नकाशावर, पत्र्याची शेड आहे, समोर ओळीने हिरवी झुडपं आणि मध्येमध्ये खांबांवर पंखे. शेतात पंखे कशाला?

चहामळा

दंव पडू नये म्हणून. वसंतातल्या थंड रात्री जमिनीलगत गार हवा साठते आणि वर जरा गरम असते, पंखे वरची हवा खाली ढकलतात. नाहीतर एका रात्रीत कोवळे कोंब करपतात आणि पहिली तोडणी गेली. इथे पण मैलोनमैल आहेत.

युताकामिदोरी चांगली निवड आहे, कागोशिमात भरपूर लावतात. त्याने भाजणीचं जे सांगितलं ते खरं चहावाल्याचं बोलणं.

कोमटपाणी

पाकीट आलं की मागची पट्टी मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा. कच्च्या मालापुढे कंसात काय लिहिलंय ते बघायचं. कागोशिमा लिहिलं असेल तर उत्तम, "कोकुसान" लिहिलं असेल तर नुसतं जपानी, कुठलंही मिसळलेलं असू शकतं. खाली "सेइझोशा" असेल तर बनवणारा, "हानबाइशा" असेल तर विकणारा, या एका शब्दावरून कळतं तुम्ही कोणाकडून घेतलंय. फ्रीजमध्ये ठेवलंत तर काढल्या काढल्या फोडू नका, आधी बाहेरच्या हवेला येऊ दे, नाहीतर आत ओल धरते.

आळसोबा

आलं पाकीट! बारा दिवस लागले.

पट्टी वाचली. सेंचा, ग्रीन टी कंसात कागोशिमा, ५० ग्रॅम, आणि शेवटी सेइझोशा, साईटवर होतं तेच नाव आणि तोच पत्ता. सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावर किटलीचं चित्र आणि ७०, ४५ असे आकडे. म्हणजे ७० डिग्री, ४५ सेकंद असणार.

पाकीट कापलं तर आधी फुस्स झालं आणि मग वास आला, तो कसा सांगू, भाजलेल्या मक्याचा आणि ताज्या कापलेल्या गवताचा एकदम. पानं कसली, गडद हिरवा चुराच. कोमटपाणी ताईंनी आधी सांगितलं नसतं तर मी "भुसा पाठवला" म्हणून भांडायला गेलो असतो.

चव मित्राच्या चहासारखी डिट्टो नाही, थोडी जास्त खरपूस, पण दाटपणा तोच. दुसरं पाणी पण मस्त उतरलं.

एकच घोळ. बारीक जाळीच्या किटलीचं त्याला "आहे" म्हणून सांगून टाकलं होतं. माझ्याकडे साधी किटली आहे, चुरा जाऊन बसला नळीत आणि चहा थेंब थेंब पडतोय. ४५ सेकंदांचे झाले अडीच मिनिटं, तिसरा कप कडू जहर.

गाळणी

शेवटी माझीच गरज पडली ना! कपावर बारीक गाळणी धरा आणि किटलीचं झाकण काढून वरूनच ओता, नळीने नका ओतू. किटली घ्यायचीच असेल तर आत पूर्ण स्टीलच्या जाळीची घ्या, मातीच्या भोकांची फुकामुशीला पुरत नाही. आणि त्या माणसाला खरं सांगून टाका, तो किटली पण विकत असेल.

आळसोबा

विकतो. विचारलं. म्हणे आमच्याकडची जरा महाग आहे, तुमच्या इथे गाळणी मिळत असेल तर तीच घ्या.